टीव्हीची पाठ

आमच्या घरी रोज संध्याकाळी टीव्हीला ताप आहे का ते बघितलं जायचं. बाबा कारखान्यातून आले की कानटोपी काढायच्या आधी टीव्हीपाशी जायचे, त्याच्यावरचं आईने भरतकाम केलेलं कापडी झाकण उचलायचे आणि त्याच्या पाठीवर तळहात ठेवून डॉक्टरासारखे थोडा वेळ उभे राहायचे. मी समोर वही उघडून, माझ्याइतकी गुणी मुलगी अख्ख्या फूशुन शहरात नाही असा चेहरा करून बसलेली असायचे. मग बाबा म्हणायचे, "थंड आहे." आणि मी वहीचं पान उलटायचे.

ही तपासणी सुरू झाली ती शिकण्याच्या यंत्रामुळे. आता माझ्या कंपनीतल्या पोरांपुढे मी 'शिकण्याचं यंत्र' म्हटलं की ती एकमेकांकडे बघून हसतात. आम्ही शिकवणारे खेळ बनवतो. मुलांना गणित यावं म्हणून, म्हाताऱ्यांची आठवण टिकावी म्हणून, लकवा झालेल्या माणसाचा हात हलावा म्हणून. त्या पोरांचा समज असा की हे सगळं त्यांनीच शोधून काढलं. अरे, तुमचे दुधाचे दात पडायचे होते तेव्हा आमच्या इमारतीत एकाआड एक घरात असलं यंत्र होतं. दिसायला कॉम्प्युटरच्या कीबोर्डसारखं, वायर टीव्हीला जोडायची, वरच्या खाचेत कॅसेट खुपसायची. याच्यावर टायपिंग येतं असं आईबापांना सांगितलेलं असायचं आणि सोबत अभ्यासाची एक कॅसेट मिळायची. दुकानदार डोळा मिचकावून रणगाड्यांची आणखी एक कॅसेट पिशवीत टाकायचा. आईबाप अभ्यासाचे पैसे मोजायचे, पोरं रणगाडे चालवायची, आणि सगळे सुखात असायचे.

आमच्याकडे ते अठ्ठ्याण्णव साली आलं. मी पाचवीत होते आणि मी ते मागितलंच नव्हतं. मला हवे होते बर्फावर घसरायचे बूट. हुन नदी गोठली की वर्गातली सगळी मुलं तिच्यावर भिरभिरायची आणि मी काठावर उभी राहून त्यांचे कोट सांभाळायचे. हिवाळ्याचा कोबी भरून ठेवायचे दिवस संपत आले होते. आईने एका रविवारी मोठं खोकं आणून टेबलावर ठेवलं तेव्हा मला वाटलं, आले बूट. आतून कीबोर्ड निघाला. मी भोकाड पसरलं.

"रड," आई म्हणाली. "उद्या कॉम्प्युटरवर बोटं नाचवशील तेव्हा माझी आठवण येईल."

आई भाजीच्या सरकारी दुकानात काउंटरवर होती आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी हुज्जत घालून तिच्या जिभेला चांगलीच धार आली होती. बाबा यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लेथवर काम करायचे, आणि घरात बोलायचं खातं त्यांनी लग्न झाल्यापासून आईकडे दिलेलं होतं. यंत्रासोबत एक तक्ता आला होता. आमच्या चिनी अक्षरांचे तुकडे पाडून ते कीबोर्डच्या कळांवर वाटून टाकायची एक पद्धत तेव्हा चालायची. कुठला तुकडा कुठल्या कळीवर ते पाठ झालं की कसलंही अवघड अक्षर तीन-चार ठोक्यांत उमटायचं. आईने तो तक्ता जेवायच्या टेबलाच्या काचेखाली सरकवला, नेमका बाबांचा वाडगा असायचा तिथे.

"तिथे मी बसतो," बाबा म्हणाले.

"तिथेच जागा आहे," आई म्हणाली. "आणि ऐक, लाओ क्वान. हिच्यावर लक्ष ठेवायचं काम तुझं. मला यातलं ओ की ठो कळत नाही. तू यंत्रातला माणूस. आधी तू नीट समजून घे, नाहीतर ही कार्टी तुला शेंडी लावेल."

बाबांनी कीबोर्ड उलटा करून त्याचे स्क्रू बघितले. "हे यंत्र नाही, खेळणं आहे."

"मग खेळण्यावर लक्ष ठेव."

लक्ष ठेवायचं म्हणजे टीव्हीची पाठ चाचपायची, एवढंच बाबांना सुचलं. इमारतीतले सगळेच बाप तेच करायचे. शाळा असेल त्या दिवशी खेळ बंद, फक्त अभ्यासाची कॅसेट, तीही मोठ्यांसमोर. त्या कॅसेटमध्ये एक ससा होता. वरून कोबीचे गड्डे पडायचे, प्रत्येक गड्ड्यावर एक अक्षर. बरोबर कळा दाबल्या की कोबी सशाच्या टोपलीत, चुकल्या की त्याच्या डोक्यात. मग तो मटकन बसून कान चोळायचा. सगळे गड्डे झेलले की ससा कोलांटी मारायचा आणि टिंगटिंग करत एक सूर वाजायचा. दोन दिवसांत मला त्या सशाचा कंटाळा आला.

शाळा चारला सुटायची. आई सहाला यायची आणि बाबा तिच्या मागोमाग. मधले दोन तास माझे आणि रणगाड्यांचे. साडेपाचला मी टीव्ही बंद करून त्याच्या पाठीवर ओला टॉवेल टाकायचे, पुठ्ठ्याने वारा घालायचे, आणि घाई असली तर खिडकीची लहान झडप उघडायचे. बाहेरची थंडी अशी की टीव्ही क्षणात गार व्हायचा, सोबत मीही. एकदा बाबा आत आले आणि म्हणाले, "घरात बर्फ पडला का काय?" मी म्हटलं, पेज करपली होती, वास घालवला. झाकणावरच्या भरलेल्या कमळाचं तोंड कुठल्या बाजूला होतं तेसुद्धा मी लक्षात ठेवायचे. त्या यंत्रावर मी त्या दिवसांत काही शिकले असेन तर ते हे.

आणि एका दुपारी घरी येऊन टीव्ही लावायला गेले तर त्याची पाठ आधीच गरम.

मी हात मागे घेतला. पुन्हा लावला. गरमच होती. झाकणावरचं कमळ उलटं होतं आणि यंत्राच्या खाचेत अभ्यासाची कॅसेट होती. चोर आला असता तर टीव्हीच घेऊन गेला असता. बरं, बसून खेळला असता तर रणगाडे खेळला असता. अभ्यासाची कॅसेट लावून बसणारा चोर माझ्या डोक्यात काही केल्या बसेना. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. सांगायचं तरी कोणाला? सांगितलं की पहिला प्रश्न येणार, तू टीव्हीला हात का लावला होतास.

त्यातच आईचं शिवताना बोटात घालायचं पितळी अंगुस्तान हरवलं.

"तूच घेतलंस," आई म्हणाली.

"मी काय करू अंगुस्तान घेऊन?"

"ते मला काय माहीत? घरात चीजवस्तू हरवायला लागल्या की कार्टी मोठी व्हायला लागली म्हणायचं." असं ती रोज जेवताना म्हणायची. बाबा खाली मान घालून शेवया आणि आंबवलेला कोबी खात बसायचे.

एका सकाळी आमच्या शाळेत खोल्या गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला. वर्गात शाई गोठली तेव्हा बाईंनी आम्हाला घरी सोडलं. मी जिना चढत होते आणि आमच्या दारातून तो सूर ऐकू आला. टिंगटिंग टिंगटिंग. कोणीतरी सगळे कोबी झेलले होते. माझी पाचावर धारण बसली, पण त्याहून जास्त राग आला. माझ्या घरात येऊन, माझ्या यंत्रावर! मी किल्ली फिरवली आणि दार ढकललं.

टीव्हीसमोर बाबा बसले होते. अंगात बाहेरचा जाड कोट, डोक्यावर कानटोपी, बाजूला उघडा जेवणाचा डबा. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं एक पेर फार पूर्वी लेथने नेलं होतं. त्या बोटावर आईचं अंगुस्तान चढवलेलं, आणि उंची पुरावी म्हणून त्याच्या टोकाला बाटलीच्या बुचाचा तुकडा चिकटवलेला. टीव्हीच्या पाठीशी ओला टॉवेल तयार ठेवलेला.

"शाळा?" बाबांनी विचारलं.

"बॉयलर बंद पडला. कारखाना?"

पडद्यावर नवे कोबी पडायला लागले होते. एक सशाच्या डोक्यात बसला, मग दुसरा.

"तोही बंद पडला," बाबा म्हणाले.

शरद ऋतूतच त्यांच्या खात्यातल्या लोकांना घरी बसायला सांगितलं होतं. गरज लागली की बोलावू म्हणाले. बाबा तेव्हापासून रोज सकाळी डबा घेऊन सायकलवर निघायचे, वसाहतीच्या कोळशाच्या ढिगाआड उभे राहायचे आणि आई नि मी गेलो की परत घरी यायचे. कोट यासाठी की कोणी अचानक आलंच तर आत्ताच आलोय म्हणता यावं.

"आईला सांगू नकोस," ते म्हणाले. "तिने आयुष्यभर लोकांना सांगितलंय की तिचा नवरा वरच्या श्रेणीचा कारागीर आहे. दुसरं काही हाताशी आलं की मीच सांगेन."

हाताशी यायचं होतं ते असं. कोर्टाजवळ लुआन नावाच्या बाईंचं टायपिंगचं दुकान होतं आणि त्यांना एक माणूस हवा होता. अट एकच. त्यांच्या कपातला चहा निवायच्या आत एक पान बिनचूक उतरवायचं. जो उतरवेल त्याची खुर्ची, आणि लुआनबाई ती नव्या वर्षाच्या सणापर्यंतच रिकामी ठेवणार होत्या. शिकवणीचा वर्ग परवडत नव्हता. घरात यंत्र होतं, तक्ता तर रोज वाडग्याखाली दिसत होता. बघता बघता अर्धा पाठच झाला, असं बाबा म्हणाले.

"आणि हा टॉवेल?" मी विचारलं.

"रोज तोच ओला असतो. म्हटलं, असंच करायचं असेल."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग रोज थंड आहे, थंड आहे, काय म्हणायचात?"

बाबांनी टीव्हीच्या पाठीवर तळहात ठेवला. "मला थंडच लागतो गं."

मी त्यांचा हात हातात घेऊन बघितला. लेथवरून उडणारे लोखंडाचे तापलेले छिलके वर्षानुवर्षं उचलून तो तळहात बुटाच्या तळव्यासारखा झाला होता. त्याला गरम लागायला टीव्ही पेटायला हवा होता. माझी सगळी टॉवेल-पुठ्ठ्याची हुशारी फुकट गेली होती. आणि बाबाही रोज टॉवेल टाकून, हात लावून, झाला थंड असं समजून निघून जात होते. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. दोन्ही एकदम आलं की नाक फार वाहतं.

"बाबा, पण हा ससा तर दुसऱ्या पायरीवरच मार खातोय."

"मग शिकव," बाबा म्हणाले.

त्या दिवसापासून रणगाडे संपले. चारला मी घरी आले की आम्ही दोघं सशासमोर बसायचो. मी अतिशय वाईट मास्तरीण होते. "अहो, करंगळी कशाला पाठवलीत तिकडे, ती काय भाजी आणायला चाललीय?" असं म्हणायचे आणि बाबा मुकाट्याने करंगळी परत बोलवायचे. शिकवायचं तर आधी मला यायला हवं, म्हणून तो तक्ता मीही घोकला. पुढे आयुष्यात मी पुष्कळ परीक्षा दिल्या, पण अक्षरं कशी जोडली जातात हे मला त्या हिवाळ्यात कळलं ते कळलं. सहाच्या जरा आधी बाबा डबा घेऊन खाली उतरायचे, सायकलवरून इमारतीला फेरी मारायचे आणि आई आल्यावर दमल्यासारखे वर यायचे. मग टीव्हीच्या पाठीवर हात. "थंड आहे." मला जिभेला चावा घेऊन हसू दाबावं लागायचं.

सशाने शेवटच्या पायरीवर कोलांटी मारली तेव्हा बाबा लुआनबाईंचं दुकान बघायला गेले. संध्याकाळी परत आले ते कानटोपी न काढता तसेच बसून राहिले.

"काय झालं?"

"त्या म्हणाल्या, बसून बघा. बसलो." बाबा पडद्याकडे बघत म्हणाले. पडदा बंद होता. "कागद टेबलावर पडलेला होता, लूलू. अक्षरं वरून पडतच नव्हती. मी गाढवासारखा वर बघत बसलो. मागे रांगेतली माणसं हसायला लागली."

"मग पुन्हा जा."

"जाऊन काय करू? खेळ शिकलो मी. काम नाही शिकलो."

हे वाक्य मी आजतागायत विसरलेले नाही. आमच्या कंपनीत यावर दिवस दिवस बैठका होतात. खेळात आलेलं खेळाबाहेर येतं का? मोठमोठे शब्द वापरतात, तक्ते दाखवतात. मला दर वेळी बंद पडद्याकडे बघणारे बाबा दिसतात. तेव्हा मला एकही मोठा शब्द येत नव्हता. मला एवढंच दिसत होतं की माझे बाबा उद्यापासून पुन्हा कोळशाच्या ढिगाआड उभे राहतील आणि या वेळी परत येऊन करायला काही नसेल.

दुसऱ्या दिवशी मी टीव्हीमागे स्टूल ठेवलं, त्यावर चढले आणि वर्तमानपत्र टीव्हीच्या वर धरलं.

"हे काय?"

"कोबी," मी म्हटलं. "मी हळूहळू खाली आणते, तुम्ही झेला."

बाबांनी वर बघितलं आणि झेलायला सुरुवात केली. एक ओळ झाली की मी कागद वीतभर खाली आणायचे आणि तोंडाने टिंगटिंग करायचे. हात भरून यायचे. त्यानंतरच्या दिवशी कागद जरा खालून सुरू केला. मग टीव्हीच्या बाजूला धरला. मग बाबांच्या खांद्याजवळ. एक दिवस तो टेबलावर टेकला आणि बाबांची नजर त्याच्या मागोमाग खाली आली. मी कागद सोडून दिला. त्यांना कळलंसुद्धा नाही. अंगुस्तान टकटक वाजत राहिलं.

शाळेला सुट्टी लागली होती म्हणून मी बाबांबरोबर लुआनबाईंकडे गेले. बाईंनी चहा ओतला आणि कप खिडकीत ठेवला. बाबांनी खिशातून अंगुस्तान काढून बोटावर चढवलं तेव्हा रांगेत पुन्हा कोणीतरी फिसकलं. "शिवायला बसताय का, मास्तर?" बाबांनी मान वर केली नाही. मी त्या कपातून निघणारी वाफ बघत होते. ती बारीक होत गेली, मग दिसेनाशी झाली. शेवटची कळ दाबून बाबा थांबले आणि सवयीने हळूच गुणगुणले, टिंगटिंग टिंगटिंग.

लुआनबाईंनी पान वाचलं. मग कप उचलून घोट घेतला. "कोमट आहे अजून," त्या म्हणाल्या. "कोट काढा, क्वान मास्तर. इथे कोट घालून कोणी काम करत नाही."

नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी आई डम्पलिंगच्या पाऱ्या लाटत होती तेव्हा बाबांनी घसा खाकरला. "लूलूची आई, मी कारखाना सोडला. टायपिंगचं काम धरलंय."

मग आईने जो तोंडाचा पट्टा सोडला तो वरच्या मजल्यावर ऐकू गेला असणार. चांगली नोकरी लाथाडली, कोणाला विचारलं का, एवढा कसबी माणूस आता बायकांच्या दुकानात टकटक करत बसणार, माझ्या आईने आधीच सांगितलं होतं की क्वान घराण्यात सगळे विक्षिप्त. ती लाटत होती आणि बोलत होती. बाबा ऐकत होते आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला नवल वाटलं. नोकरी गेलेल्या माणसाला कोणी असं बोलत नाही. नोकरी सोडलेल्यालाच असं बोलतात.

सण झाल्यावर अंगुस्तान आईच्या शिवणाच्या डब्यात सापडलं, घासूनपुसून लखलखीत. "बघ," आई मला म्हणाली. "तूच घेतलं होतंस."

डोळे साथ देत होते तोवर बाबांनी त्या खुर्चीवर बसून लोकांचे अर्ज, कैफियती, लग्नाच्या पत्रिका टाइप केल्या. प्रत्येक पान संपलं की ते गुणगुणायचे आणि नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारा खुशीत आहे. त्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली. आई आता शनयांग शहरात माझ्याकडे राहते.

गेल्या हिवाळ्यापासून आई विसरायला लागली. आधी चष्मा, मग बसचा थांबा. एकदा गॅसवर रिकामं पातेलं जळत राहिलं आणि ती शेजारी बसून लसूण सोलत होती. एकदा तिने टेबलावर बाबांचाही वाडगा मांडला आणि त्याच्याकडे बघत राहिली. डॉक्टर म्हणाले, डोकं कामात राहू द्या, रोज थोडं. माझ्याच गटाने त्यासाठी खेळ बनवला होता. वरून कोबी पडतात, प्रत्येकावर एक चित्र, मघाशी बघितलेली चित्रं तेवढी झेलायची. कोबीच का, असं पोरांनी विचारलं होतं. मी म्हटलं, मी साहेब आहे म्हणून.

आईला दाखवला तर तिने तोंड फिरवलं. "मला वेड लागलेलं नाही. हे म्हाताऱ्यांना दे."

ती घाबरली होती, हे मला कळत होतं. खेळायला बसली असती तर तिला आपण विसरतोय हे कबूल करावं लागलं असतं. समजावून झालं, रागावून झालं. शेवटी एका रविवारी मी नवा टॅबलेट आणला आणि तिच्यासमोर माझ्या मुलाला हाक मारली. "तौतौ, हा तुझ्यासाठी. अभ्यासाला. आई, तू याच्यावर लक्ष ठेव हं. आधी तू नीट समजून घे, नाहीतर कार्टा तुला शेंडी लावेल."

तौतौ टॅबलेट घेऊन पळाला. आईचे खांदे हलायला लागले, आणि ती हसू लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"माझीच युक्ती मला विकतेस?"

"कुठली युक्ती?"

"अगं वेडे, ते यंत्र काय तुझ्यासाठी आणलं होतं?"

आई कालचं विसरते, पण ते दिवस तिला लख्ख आठवतात.

"कारखान्यात डबे वाफेच्या कपाटात गरम करायचे," ती म्हणाली. "एवढी वर्षं त्याच्या डब्याला त्या कपाटाचा वास यायचा, तेलाचा नि लोखंडाचा. कितीही घासला तरी जायचा नाही. एके दिवशी डबा परत आला तर नुसता भाताचा वास. दुसऱ्या दिवशीही तसाच. मी काय समजायचं ते समजले."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? बोलले असते तर तो घरात तोंड लपवून बसला असता. बोलले नाही म्हणून निदान रोज सकाळी दाढी करायचा, कोट चढवायचा. परत घरीच येणार हे कळत होतं. म्हटलं, घरात काहीतरी ठेवलं पाहिजे त्याच्यासाठी. त्याच्या हातात दिलं असतं तर त्याने हात लावला नसता. तुझ्या नावावर आणलं."

मला तो तक्ता आठवला, बाबांच्या वाडग्याखाली सरकवलेला. सणाच्या आदल्या दिवशीची ती आरडाओरड आठवली.

"आणि अंगुस्तान? त्याच्यावरून रोज मला झापायचीस."

"न झापून कसं चाललं असतं? त्याला संशय आला असता."

"आणि माझे बूट?"

आईने हातातल्या रुमालाची घडी केली, उलगडली. "लाल होते," ती म्हणाली. "त्याच दुकानात. मी हातात घेऊन बघितले होते. दोन्ही घेणं झालं नाही."

मला वाटलं होतं, त्या बुटांचं दुःख मी केव्हाच विसरले. विसरले नव्हते. पण त्या क्षणी ते दुःख माझं एकटीचं राहिलं नाही, एवढं खरं.

"बाबांना कळलं होतं? तुला माहीत आहे हे?"

"मी कधी सांगितलं नाही. त्याने कधी विचारलं नाही. पण अंगुस्तान घासून परत ठेवलं होतं ना त्याने." मग तिने तौतौच्या खोलीकडे हनुवटी उडवली. "आणि तो तुझा टॅबलेट उचलून ने. मला नको. मी अजून शाबूत आहे."

मी नेला नाही, दिवाणखान्यातल्या फडताळावर ठेवून दिला.

त्यानंतर एके दिवशी डोकं दुखत होतं म्हणून दुपारीच घरी आले. तौतौ शाळेत होता. स्वयंपाकघरातून सुरीचा आवाज येत होता. टॅबलेट फडताळावरच होता, पण त्याच्यावर हात पुसायचा नॅपकिन टाकलेला दिसला. मी नॅपकिन उचलला. तो ओला होता. टॅबलेटच्या पाठीवर मी हात ठेवला. माझा हात काही बाबांचा नाही. पाठ चांगली गरम होती.

नॅपकिनची घडी होती तशी घातली आणि आत गेले.

"लवकर आलीस?" आई म्हणाली.

"डोकं दुखतंय. तू काय केलंस दिवसभर?"

"काय करणार. कोबी चिरतेय."

संध्याकाळी जेवताना मी तौतौला दम दिला. फार खेळतोस त्या टॅबलेटवर, आज पाठ तापली होती त्याची. तौतौ तोंडात घास तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिला. "मी हातसुद्धा लावला नाही, आई. खरंच." त्याचे डोळे भरून आले. आईने मान वर न करता त्याच्या वाडग्यात आपल्या वाटणीचं अंडं टाकलं आणि म्हणाली, "ओरडू नकोस गं पोराला."

मला त्याची फार दया आली, पण न ओरडून कसं चाललं असतं? रविवारी त्याला बर्फावरचे बूट घेऊन द्यायचे, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.